मृत्युपत्र न करणाऱ्या काकांना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप समस्त इंदूरनिवासी काकांच्या सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मृत्युपत्राचा विषय निघाला की काका ‘अशुभ बोलू नका’ म्हणत पोह्यांवर आणखी शेव घालून घेतात. पुढची पिढी त्यांची ऋणी आहे. भावंडांची भेट निदान कोर्टाच्या तारखेला तरी होते.

ही परंपरा याच शहराची. सुभेदार तुकोजीराव होळकर ऑगस्ट १७९७ मध्ये पुण्यात वारले, ते वारशाचा वाद तसाच ठेवून. चार मुलगे: काशीराव, मल्हारराव हे औरस, विठोजी, यशवंतराव अनौरस. काशीरावांनी दौलतराव शिंद्यांचा हात धरला आणि महिन्याभरात शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावांना पुण्यातच मारले. १८०१ मध्ये पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी विठोजींना हत्तीच्या पायी दिले. त्याच साली शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. १८०२ च्या दिवाळीत यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे दोघांनाही पुण्याजवळ हरवले. बाजीराव पळाले, ते वसईच्या तहाने इंग्रजांच्या ओटीत जाऊन पडले. (होळकरांची गादी आणि रामबागेतले दोन खोल्यांचे घर यांत फरक आहे. भांडणाऱ्यांना तो सहसा दिसत नाही.)

काकांच्या दारी हत्ती नाही, पण तहसील आहे. तिथे फौती नामांतरणात नाव चढले की मालकी मिळाली, असे पुतणे समजतात. कोर्ट तसे समजत नाही.

बँकेत काकूंना नॉमिनी केले म्हणून काका निश्चिंत! नॉमिनीने रक्कम घ्यायची, ती वारसांच्या वतीने. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नॉमिनीला मालक मानायला नकार दिला. काकांच्या स्वकष्टार्जित मिळकतीची वाटणी मग १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा करतो: पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, सर्वांना सारखा वाटा. औषधपाणी करणारी लेक आणि अमेरिकेतून सुप्रभात पाठवणारा लेक, कायद्याला दोघेही तितकेच लाडके.

हे टाळायला साधा कागद, काकांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. इतक्या थोडक्यात काम होते, यावरच बहुधा काकांचा विश्वास बसत नसावा.

कळावे, लोभ असावा.

आज्ञाधारक,
भावी वादी व प्रतिवादी

ता. क. साक्षीला भजनी मंडळातले मित्र नकोत, सगळे ऐंशीच्या पुढचे. शेजारचा एखादा तिशीतला गडी पाहावा. पुढेमागे कोर्टात उभे राहायला तो असेल.