चार ग्रॅमचा जीव

सिॲटलच्या मराठी मंडळींत हमिंगबर्डवाल्या काकांची एक जमात आहे. उन्हाळ्यात ती ओळखू येत नाही, कारण उन्हाळ्यात हमिंगबर्ड कुणाच्याही अंगणात येतो. खरा काका डिसेंबरात कळतो. पारा शून्याखाली, आणि हे पायजम्यावर जाकीट चढवून, कपाळाला बॅटरी बांधून डेकवर उभे. तोंडी एकच चिंता: "गोठलं का?"

रूफस जातीचा हमिंगबर्ड शहाणा. तो हिवाळ्यासाठी मेक्सिकोची वाट धरतो. ॲनाज मात्र इथेच राहतो. हा मूळचा कॅलिफोर्नियाकडचा. लोकांनी बागांत बाहेरची फुलझाडं लावली, साखरपाण्याचे फीडर टांगले, तसा गेल्या शतकात उत्तरेला सरकत आला. व्हँकुव्हरनं तर २०१७ मध्ये त्याला शहराचा अधिकृत पक्षी करून टाकलं. "म्हणजे आपल्यासारखाच," काका म्हणतात, "सोय बघून राहिलेला."

जन्मात स्वतःचा चहा न केलेला हा माणूस साखरपाण्याला मात्र कुणाला हात लावू देत नाही. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. साखर पांढरीच. गूळ नाही, मध नाही, लाल रंग तर नाहीच नाही. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी एकदा "वेलची घालू का जराशी?" असं विचारलं. त्यानंतर दोन दिवस घरात अबोला होता.

पाणी गोठू नये म्हणून फीडरभोवती दिव्यांची माळ. एलईडीची ऊब पुरत नाही, म्हणून काका जुन्या तारेच्या बल्बांसाठी गावभर हिंडतात. तेवढ्यानं भागेना म्हणून वरून काकूंची कानटोपी. काकू सध्या ओढणी गुंडाळतात.

पाहुण्यांना टॉर्परवरचं, म्हणजे पक्ष्याच्या रात्रीच्या गाढ सुप्तीवरचं, व्याख्यान चुकत नाही. एरवी मिनिटाला हजारावर जाणारे हृदयाचे ठोके गारठ्याच्या रात्री पन्नासाच्या आसपास उतरतात, हे सांगताना काकांचा हात स्वतःच्या छातीवर असतो. रक्तदाबाची गोळी राहिलेली असते ती राहिलेलीच. चार ग्रॅमचा जीव, उजाडताच त्याला घोटभर मिळालंच पाहिजे! पक्षी किडेही खातो, शेजारच्या महोनियाच्या पिवळ्या फुलांवरही जातो, हे काकांसमोर बोलू नये. माणूस दुखावतो.

भाचीच्या लग्नाला डिसेंबरात पुण्याला जावंच लागलं, तेव्हा शेजारच्या तेलुगू कुटुंबाकडे किल्ली, साखर आणि चार पानी सूचना सोपवल्या गेल्या. पुण्यात रात्रीचे साडेनऊ, म्हणजे तिकडे सकाळचे आठ, नुकतं उजाडलेलं. रिसेप्शनच्या रांगेत आहेराचं पाकीट काखेत धरून काका व्हिडिओ कॉलवर: "उठला का? प्यायला का काही? गार नाही ना दिलंत?"

मागच्या मावशींना राहवेना. "नातू वाटतं?"

"छे," काका मान वर न करता म्हणाले, "ॲनाज. नर."


"अगंबाई, नाव मुलीसारखं ठेवलंय की!"