न दिसणारं मोजायला शिका: नवशिक्यांसाठी

लागणारं साहित्य: हजारभर माणसं, एक प्रश्नावली, एक लंबक, बऱ्यापैकी संगणक आणि भरपूर उत्साह. मनोविकारशास्त्राची पदवी असेल तर उत्तम. नसेल तर उत्साह दुप्पट घ्यावा.

आधी काय शोधायचंय ते नीट ऐका. स्किझोफ्रेनिया शोधायचा नाही, ते काम डॉक्टरांचं. आपल्याला हवी आहे त्याच्यामागची प्रवणता, जी आजार न होताही माणसात जन्मभर गुपचूप बसून राहू शकते. ‘असं काही असतं कशावरून?’ असं एखाद्या खवचट माणसाने विचारलं, तर खुशाल डेन्मार्ककडे बोट दाखवा. तिथे एकसारख्या जुळ्यांच्या अशा जोड्या होत्या की एकाला स्किझोफ्रेनिया आणि दुसरा ठणठणीत. गॉट्समन आणि बर्टेलसन यांनी १९८९ मध्ये त्यांच्या मुलाबाळांचा हिशेब मांडला. आजारी जुळ्यांच्या मुलांना धोका १६.८ टक्के, ठणठणीत जुळ्यांच्या मुलांना १७.४ टक्के. ज्यांना स्वतःला कधी काही झालं नाही, त्यांच्याकडूनही पुढच्या पिढीत तेवढंच गेलं. यावर खवचट माणूस गप्प बसतो. नाहीच बसला, तर नमुना लहान होता हे त्याला ठाऊक आहे असं समजा आणि चहा मागवा.

आता गुरू निवडा. पर्याय दोन. मिनेसोटाचे पॉल मील १९६२ मध्ये म्हणाले की ही प्रवणता एक तर असते, नाही तर नसते. अधलंमधलं काही नाही. त्यांच्या अंदाजाने ती दहातल्या एकाकडे असते आणि त्यातल्या बहुतेकांना आजार होतच नाही. गॉट्समन आणि शील्ड्स यांचं १९६७ पासूनचं म्हणणं वेगळं. प्रवणता उंचीसारखी, प्रत्येकात थोडीफार असतेच. अनेक जनुकं आणि परिस्थिती मिळून ती वाढत जाते आणि एक उंबरठा ओलांडला की आजार दिसतो. गुरू आकडे पाहण्याआधीच निवडावा, अशी या क्षेत्रातली जुनी प्रथा आहे.

मील यांचा गंडा बांधला असेल, तर त्यांचं मॅक्सकोव्ह नावाचं हत्यार चालवायला शिका. प्रवणतेच्या तीन खुणा घ्या. समजा, संवेदनांमधले विचित्र अनुभव, चमत्कारिक समजुती आणि माणसांत मिसळण्याची नावड. चॅपमन दांपत्याने यांच्या प्रश्नावल्या केव्हाच तयार करून ठेवल्या आहेत, नव्या बनवत बसू नका. पहिल्या खुणेच्या गुणांप्रमाणे माणसं कमीकडून जास्तीकडे ओळीने लावा आणि ओळीचे तुकडे पाडा. मग प्रत्येक तुकड्यात उरलेल्या दोन खुणा किती जोडीने वर-खाली होतात ते मोजा. ज्या तुकड्यात सगळे बिनप्रवणतेचे, तिथे हा मेळ जवळजवळ शून्य. सगळेच प्रवण असतील तिथेही तेच. पण जिथे दोन्ही जातीचे लोक निम्मे-निम्मे मिसळलेत, तिथे मेळ शिगेला पोहोचतो, कारण प्रवण माणसं दोन्ही खुणा सोबत घेऊन येतात. आलेखावर शिखर दिसलं तर मील जिंकले, सपाट रेघ आली तर गॉट्समन. लेंझेनवेगर आणि कॉर्फाइन यांनी १९९२ मध्ये एकाच प्रश्नावलीतल्या प्रश्नांवर हा खेळ मांडला. शिखर आलं, हिशेबही दहा टक्क्यांच्या आसपास निघाला.

पेढे मात्र लगेच वाटू नका. ‘आपलं शरीर आपलं नाही असं वाटतं का?’ या जातीच्या प्रश्नाला बहुतेक लोक ‘नाही’च म्हणतात. गुण एका बाजूला कलले, की आलेखाच्या उजव्या टोकाला शिखर आपसूक उगवतं, आत दोन जाती असोत वा नसोत. म्हणून तितकेच कललेले बनावट आकडे दोन्ही प्रकारचे, म्हणजे दोन जातींचे आणि उंचीसारखे सलग, तयार करावेत आणि आपला आलेख कुणाशी जुळतो ते पाहावं. ही पायरी नवशिके गाळतात. परीक्षक गाळत नाहीत.

लंबकाचं काम सोपं. हलत्या लंबकामागे नजर अलगद सरकते की अडखळते, एवढंच बघायचं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची नजर अडखळते, हे १९०८ मध्येच कुणी तरी नोंदवून ठेवलं होतं. फिलिप होल्झमन यांनी १९७३ मध्ये ते पुन्हा उजेडात आणलं आणि पुढे रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांतही ही अडखळ सापडली.

लंबक जुनाट वाटत असेल तर थुंकीची डबी घ्या. स्किझोफ्रेनियाशी संबंधित जनुकीय ठिकाणं २०१४ मध्ये १०८ होती, २०२२ मध्ये २८७ झाली. या ठिकाणांसह इतर असंख्य बारीकसारीक जनुकीय फरकांची बेरीज करून एक गुण काढतात. प्रवणतेतल्या फरकांपैकी सुमारे ७ टक्के त्यातून उलगडतात, तेही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत. सांगली-सोलापूरच्या माणसाला तो गुण त्याहून कमी लागू पडतो, कारण मूळ आकडे त्याच्यासारख्यांचे नव्हतेच.

एवढं जमलं की हात शिवशिवतात आणि समोर बसलेल्या एकाच माणसाला तपासावंसं वाटतं. थांबा, कागद घ्या. आजार साधारण शंभरात एकाला होतो. चाचणी मानू झकास: शंभर खऱ्यांपैकी ऐंशी पकडणारी, शंभर निरोगींपैकी फक्त दहांना उगाच अडकवणारी. हजार माणसं तपासली तर दहा खऱ्यांपैकी आठ सापडतील आणि त्यांच्याबरोबर नव्व्याण्णव निरोगीही. एकशे सात जणांवर शिक्का, त्यातले नव्व्याण्णव चुकीचे. हा इशारा मील यांनीच रोझेन यांच्यासह १९५५ मध्ये देऊन ठेवला आहे. तेव्हा या मार्गदर्शिकेच्या जोरावर कुणाचं ठरलेलं लग्न मोडू नका, की कुणाची नोकरी अडवू नका. घरात कुणाला आवाज ऐकू येत असतील, संशयाने झोप उडाली असेल, तर आलेख बाजूला ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे चला. टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे, फोन मोफत लागतो.