वर्डकॅम्पवीर

त्याची ओळख पटायला लॅपटॉपचं झाकण पुरतं. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण त्यावर स्टिकरांचे थर चढलेले असतात: पुणे, नाशिक, मुंबई, कोल्हापूर आणि उरलेल्या जागेत गुबगुबीत पिवळा वापू, म्हणजे वर्डप्रेसचं जपानमध्ये जन्मलेलं शुभंकर. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड आणि कार्डावर नावापेक्षा महत्त्वाचा शब्द: 'स्पीकर'. कार्ड उलटं फिरलं की बोलता बोलता तो ते सुलटं करतो. जेवणाच्या रांगेत, डाव्या हातात ताट असतानाही.

२००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिला वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचं संमेलन, झाला आणि पुढे ही जत्रा जगभर पसरली. तिचा दंडक साधा आहे. आयोजक स्वयंसेवक, वक्त्याला मानधन नाही, तिकीट स्वस्त आणि व्यासपीठावरून स्वतःचा माल विकायचा नाही. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट ज्या वर्डप्रेस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर चालतात, त्याच्याबद्दल फुकटच बोलावं हे तर्काला धरून आहे. पण हा तर्क घरी चालत नाही.

"भाषणाचे किती मिळाले?" मामांचा पहिला प्रश्न.

"काही नाही. गाडीभाडंही आपलंच."

"आमच्या गावच्या कीर्तनकाराला निदान नारळ-उपरणं तरी देतात रे."

यावर टी-शर्ट दाखवण्यात अर्थ नसतो.

वक्ता व्हायचं तर आधी अर्ज भरावा लागतो, आणि या कलेत आमचा वीर मुरलेला आहे. अर्ज भरताना तो विषय त्याला येत असतोच असं नाही. किंबहुना जे शिकायचं राहून गेलंय त्यावरच तो अर्ज करतो. निवड झाली की शिकणं भाग पडतं. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर गुटेनबर्ग हा नवा संपादक आला. जुन्या साइट सांभाळणाऱ्यांची झोप उडाली; याची मात्र पुढच्या कित्येक भाषणांची सोय झाली. (मला ही पद्धत लबाडीची वाटत नाही. आपल्याकडचे कितीतरी शिक्षक आदल्या रात्रीच्या वाचनावरच उभे असतात आणि त्यांचे तास चांगले होतात.)

भाषणाची पहिली पाच मिनिटं वायरींची. याच्या लॅपटॉपला बसेल असा अडॅप्टर सभागृहात एकच असतो आणि तो आधीच्या वक्त्याबरोबर चहाला गेलेला असतो. मग "आवाज येतोय का?" मागून कुणीतरी "नाही" म्हणतं, म्हणजे येत असतो. दुसऱ्या स्लाइडवर स्वतःची ओळख, तिसरीवर राजगडावरचा फोटो. काळ्या पार्श्वभूमीवरचा निळा कोड पाचव्या रांगेमागे कुणालाच दिसत नाही. सगळं भाषण इंग्रजीत, मध्येच 'म्हणजे काय की' अशी ठिगळं.

विषय असतो साइट वेगवान कशी करावी. प्रात्यक्षिक थेट इंटरनेटवरून दाखवायचं, असा त्याचा बाणा. शहाणे वक्ते आधी व्हिडिओ करून ठेवतात. हा त्यांना भित्रे म्हणतो. सभागृहाच्या वायफायला तेव्हा आख्खं सभागृह लोंबकळत असतं. गोल चक्र फिरत राहतं, तोही चक्राबरोबर हसत राहतो, आणि नेमकं त्याच वेळी कोपऱ्यात व्हॉट्सॲपचा चौकोन उगवतो, बारा फुटी पडद्यावर: "सर, सकाळपासून साइट उघडत नाहीये."

टाळ्या पडतात. आख्ख्या भाषणातल्या सर्वांत मनापासूनच्या.

नंतर प्रश्नोत्तरं. माइक नेहमी अशा एका गृहस्थांच्या हाती जातो जे उभं राहून म्हणतात, "प्रश्न नाही, छोटासा अनुभव सांगतो." हा अनुभव जेवणाची वेळ होईपर्यंत पुरतो. स्वयंसेवक 'वेळ संपली' अशी पाटी दाखवत असतो, पण ती वक्त्याला. गृहस्थांची त्याकडे पाठ असते. भाषणाची चित्रफीत पुढे वर्डप्रेस.टीव्हीवर चढते. आई ती शेवटपर्यंत बघते आणि म्हणते, "शर्टाला इस्त्री तरी करायचीस."

खरं भाषण होतं ते बाहेर, कॉरिडॉरमधल्या प्लग पॉइंटपाशी. इचलकरंजीची एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन येते. "दादा, माझी साइट लई हळू उघडते." तो फरशीवर मांडी ठोकतो आणि पहिल्यांदाच मराठीत बोलतो. "अगं, हे फोटो बघ. मोबाइलवर काढले तसेच चढवलेत, एकेक चार-पाच एमबीचा. आधी आकार कमी कर. आणि हे प्लगइन? तीन तर एकच काम करतायत. दोन काढ." साइट झटकन उघडते. मंचावर पस्तीस स्लाइडींत जे सांगून झालं नव्हतं, ते पंधरा मिनिटांत होतं. तेवढ्यात त्याला स्वतःचा तो सकाळपासूनचा क्लायंट आठवतो. त्याचं होस्टिंगचं नूतनीकरण करायचं राहिलेलं असतं, अर्ज भरण्याच्या गडबडीत.

पुढच्या वर्षी ती मुलगी अर्ज भरते आणि निवडली जाते. याचं नाव प्रतीक्षा यादीत. तरी तो येतो, पहिल्या रांगेत बसतो, तिच्या प्रत्येक स्लाइडला मान डोलावतो. प्रश्नांची वेळ येताच सर्वांत आधी त्याचा हात वर जातो. माइक मिळतो.

"प्रश्न नाही," तो म्हणतो, "छोटासा अनुभव सांगतो."