धाकटे शेठ

ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, बाजार समितीच्या वाटेवर एक मोठं कृषी सेवा केंद्र असतंच. भिंतीवर हार घातलेले आजोबा, गल्ल्यावर वडील म्हणजे आण्णा आणि आतल्या काचेच्या केबिनमध्ये, एसीत, धाकटे शेठ. वय तिशीचं. शर्ट पांढरा, बूट पांढरे, गाडी पांढरी. युरियाशी रंग जुळतो, बाकी त्यांचं युरियाशी फारसं जुळत नाही.

पुण्याहून एमबीए करून आल्या आल्या त्यांनी दुकानाची पाटी बदलून 'अ‍ॅग्री सोल्युशन्स' केली. गिऱ्हाईक अजून 'आण्णांकडं'च जातं. शिवाय खतविक्रीच्या परवान्याला एमबीए चालत नाही. तिथे कृषी किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण लागतं, नाहीतर वर्षभराच्या 'देसी' पदविकेसारखा एखादा मान्य अभ्यासक्रम. त्यामुळे शेठ आठवड्यातून एकदा पुन्हा बाकावर बसले आणि माती परीक्षण शिकले.

एमबीएत किंमत कशी ठरवायची यावर पानंच्या पानं लिहिली होती. इथे ४५ किलोंच्या युरियाच्या पोत्याची किंमत दिल्लीने आधीच ठरवून दिलेली: २६६ रुपये ५० पैसे. वरचे पन्नास पैसे तालुक्यात कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत.

खरी कमाई मांडणीवरच्या बाटल्यांत. ह्युमिक, अमिनो, सागरी शेवाळाचा अर्क. लेबलावर वाघ, वीज किंवा दोन्ही. युरियासोबत बाटली गळ्यात मारण्याला धंद्यात 'लिंकिंग' म्हणतात आणि त्याला बंदी आहे. धाकटे शेठ बंदी पाळतात. बाटली नको म्हणणाऱ्याला फक्त एवढंच सांगितलं जातं की रेक अजून मालधक्क्याला लागलेली नाही.

२०१८ पासून अनुदानाचं खत मिळतं ते पॉस मशीनवर आधार जुळवून. उसाच्या पाल्यात बोटांच्या रेषा झिजलेला माणूस समोर उभा राहतो. 'काका, अंगठा पुसा जरा.' पुसतो. 'दुसरं बोट लावा.' लावतो. 'आता डावा हात.' रांगेतले लोक सल्ले देऊ लागतात. शेवटी शेठ अदबीने विचारतात, 'काकू आल्यात का सोबत?'

उधारीतही त्यांनी सुधारणा करून पाहिली. आण्णांची लाल वही बाजूला ठेवून अ‍ॅप आणलं आणि एका रात्रीत साऱ्या गावांना 'प्रिय ग्राहक, आपली थकबाकी' असा संदेश धाडला. सकाळी एक पाटील दुकानात येऊन आण्णांवरच कडाडले, 'उसाचं बिल आलं की देतो म्हणालो होतो ना? तुमच्या वडिलांनी कधी तोंडावर मागितलं नाही, तुम्ही मोबाईलवर मागता?' दुपारी चहा झाला, संध्याकाळी अ‍ॅप गेलं. लाल वही पुन्हा गल्ल्यावर आली.

जुलैत युरियाची टंचाई झाली की मात्र शेठचा रुबाब बघावा. आमदारांचे पीए, बँकेचे संचालक, मुलाचे हेडमास्तर, सगळ्यांना 'चार पोती बाजूला ठेवा' एवढंच हवं असतं. शेठ फोन सायलेंटवर टाकून बांधावरच्या मेळाव्याला जातात आणि २०२१ साली आलेल्या नॅनो युरियावर बोलतात. अर्ध्या लिटरची बाटली पोत्याचं काम करते, हा कंपनीचा दावा ते हात उंचावून सांगतात. टाळ्या पडतात.

मेळावा आटोपला की गाडीत बसता बसता ड्रायव्हरला हळूच सांगतात, 'आपल्या मळ्यात वीस पोती टाकून ये. मागच्या रस्त्यानं.'

ड्रायव्हर विचारतो, 'अंगठा कुणाचा लावू?'