दूध तापवणे : तत्त्व आणि व्यवहार

दूध तापवण्यात करायचे काहीच नसते, तरीही ते बिघडते. म्हणूनच हे काम घरातील निवृत्त गृहस्थाकडे सोपवले जाते. 35 वर्षे सरकारी खाते सांभाळलेला माणूस एक पातेले सांभाळेल, अशी त्यामागची भाबडी समजूत.

पातेले दुधाच्या दुप्पट मापाचे घ्यावे. आत आधी चमचाभर पाणी फिरवावे, म्हणजे दूध बुडाशी लागत नाही. पिशवीचा कोपरा कापताना तुकडा सुटू देऊ नये. सुटला तर तो खिरीत सापडतो. रिकामी पिशवी विसळून ते पाणी दुधात घालावे की नाही, यावर दोन पंथ आहेत.

पिशवीतले दूध डेअरीत 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवून लगेच गार केलेले असते. वाटेत ते गारच राहिले असेल, तर पुन्हा उकळण्याची गरज नसते. गृहस्थ हे वाचतो, मोठ्याने वाचून दाखवतो, आणि पातेले गॅसवर चढवतो.

तापताना वर प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा पापुद्रा धरतो. खालची वाफ त्याच्याखाली कोंडते, प्रथिनांमुळे बुडबुडे फुटत नाहीत, फेस चढतो. पाण्यात यांतले काहीच नसल्याने ते नुसते उकळते. फेस काठाला लागल्यापासून ओट्यावर येईपर्यंत एका श्वासाचा अवधी मिळतो. गृहस्थ खुर्ची ओढून समोर बसतो, घड्याळ लावतो, आच किती ठेवली तेही वहीत टिपतो. तेवढ्यात फोनवर कुणाचे तरी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' येते. त्याला उत्तर न देणे असभ्यपणाचे ठरते. उत्तरात दोन फुले पाठवून होईपर्यंत शेगडी विझलेली असते.

पातेल्यावर लाकडी डाव आडवा ठेवल्यास फेस त्यावर फुटतो आणि थोडी उसंत मिळते. उसंतच, सुट्टी नव्हे. फुंकर हा उपाय नाही, ती प्रार्थना आहे. आच मंद ठेवावी आणि जागचे हलू नये. एवढे साधे आहे हो, पण ऐकतो कोण!

रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध मुद्दाम उतू घालतात. इतर दिवशी हा दाखला देऊ नये. तो देऊन झालेला असतो.

सांडलेले दूध वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसावे, बर्नरची भोके टाचणीने मोकळी करावीत. गॅस आधी बंद करावा, हेही सांगावे लागते. मात्र घर साखरझोपेत असताना, कुणी न सांगता पातेले चढवणारा माणूस हाच असतो. त्यामुळे ओरडा बेताचा ठेवावा.

गार झालेले पातेले न हलवता फ्रिजमध्ये ठेवावे. साय जाड येते. गृहस्थ डॉक्टरांच्या सांगण्यावरून 3 टक्के स्निग्धांशाचे टोन्ड दूध आणतो आणि साय पातळ आल्याबद्दल डेअरीला दोष देतो. 6 टक्क्यांच्या फुल क्रीमची साय आठवडाभर साठवावी, विरजावी, घुसळून लोणी काढावे, मंद आचेवर कढवावे. तुपाखाली उरलेल्या बेरीत साखर घालून ती लगेच खावी. तिच्यावर हक्क कोणाचा, याबाबत घरोघरी वाद आहेत. दूध तापवणाऱ्याचा नाही, एवढ्यावर मात्र एकमत आहे.