जरा कळ काढा

मराठीत ‘दिवस भरले’ हे दोघांच्याच बाबतीत म्हणतात: एक गरोदर बाई आणि दुसरा सिनेमातला खलनायक. खलनायकाचं बरं असतं. दिवस भरल्याचं हिरोने जाहीर केलं की पुढच्या दहा मिनिटांत त्याचा निकाल लागतो. माझे दिवस 2024 च्या सप्टेंबरात भरले, ऐन गणपतीत, रोह्याला माहेरी. निकाल मात्र लागेना.

तारखेचा घोळ पहिल्यापासूनच होता. नेगेले नावाचे एक जर्मन डॉक्टर एकोणिसाव्या शतकात एक हिशेब घालून गेले आहेत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसातून तीन महिने वजा करायचे आणि सात दिवस मिळवायचे. माझी पाळी 29 नोव्हेंबरची. म्हणजे झाली 5 सप्टेंबर. मोबाइलने मात्र इमानदारीत 280 दिवस मोजले आणि 4 सप्टेंबर सांगितली, कारण त्या वर्षी फेब्रुवारी 29 दिवसांचा निघाला. डॉक्टरीणबाई दोन्हीकडे बघून हसल्या. म्हणाल्या, ‘शंभरातली चार-पाच बाळंच दिलेल्या तारखेला येतात. सदतीस आठवडे भरले की बेचाळीस पुरे होईपर्यंत कधीही.’ हे वाक्य मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर 5 तारखेला लाल पेनाने गोल केला.

आमच्या घराला तारखेचा अनुभव फक्त कोर्टाचा. जमिनीच्या एका दाव्यात बाबांना वर्षानुवर्षं तारखा पडताहेत आणि ठरल्या दिवशी काहीही होत नाही, हे घरातल्या लहान पोरालासुद्धा ठाऊक आहे. पण 5 सप्टेंबरला सकाळी सगळं घर माझ्याकडे असं बघत होतं, की मी आता गजर लावलेल्या घड्याळासारखी वाजेन.

खरी गंमत तारखेची नव्हती, सोयराची होती. सासर माझं पेणला. गणपती बसणार 7 तारखेला, गौरी येणार 10 ला, आणि गौरी-गणपतीचं विसर्जन 12 ला. मूल जन्मलं की सासरच्यांना दहा दिवसांचं सोयर. सोयरात गणपती कसा बसवायचा? पूजा दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची, की मूर्ती आणायचीच नाही? आणि ही अडचण कुठे, तर पेणमध्ये, जिथे गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने आहेत आणि जिथून मूर्ती महाराष्ट्रभरच काय, परदेशातही जातात. सासूबाईंचा रोज सकाळी फोन यायचा. ‘कशी आहेस? घाई करू नको हो. अगदी सावकाश होऊ दे.’ जगातल्या कुठल्याही सासूने सुनेला इतक्या मायेने सावकाशीचा सल्ला दिला नसेल.

इकडे आईचं उलटं. तिने रात्री नऊनंतर बाहेर पडायचं सोडलं होतं, बॅग भरून दारामागे ठेवली होती. धुऊन मऊ झालेल्या पातळाची दुपटी, कुंची, टोपडी, थर्मास. ‘होऊन जाऊ दे बाई एकदाचं,’ हा तिचा जप. काकांनी पंचांग उघडून मुलीचं बाळंतपण माहेरी झालं तर माहेरच्यांना किती दिवसांचं सोयर, ते काढलं. तीन दिवस निघाले. मग, ‘पण ती बाळंत होणार हॉस्पिटलात, ते माहेर धरायचं का?’ यावर वाद झाला. काकांच्या मते हॉस्पिटल रोह्याच्या हद्दीत, म्हणून माहेरच. बाबांच्या मते हॉस्पिटलचं बिल जावई भरणार, म्हणून सासर. एका माणसाच्या पोटात दुसरा माणूस नऊ महिने राहतो, याहून अवघड गोष्ट म्हणजे तो कुणाच्या हद्दीत येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

एकूण, पेणला कुणी घाई करत नव्हतं आणि रोह्याला कुणाला दम धरवत नव्हता. मध्ये मी, माझं पोट आणि तासातासाला न्हाणीघर.

बाहेर पडले तर आणखी पंचाईत. रोहा म्हणजे सगळी ओळखीची माणसं. वाण्याच्या दुकानात, नदीकडे फिरायला जाताना, धावीर महाराजांच्या देवळात, जो तो एकच विचारायचा, ‘झालं का?’ पाच किलोच्या कलिंगडाएवढं पोट पुढे घेऊन मी समोर उभी, आणि प्रश्न हा. काय सांगायचं? ‘हो, झालं, पण ठेवायला जागा नव्हती म्हणून परत आत ठेवलंय’?

प्रश्न संपले की सल्ले. जिने चढ-उतर. फरशी पूस. खजूर खा. आत्या एरंडेल दुधातून घ्यायला सांगून गेली. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून इतक्या मोठ्याने ‘नाही’ म्हटलं, की बाहेर बसलेल्या दोन पेशंटही दचकल्या. एरंडेलाने पोट नक्की साफ होतं, बाळंतपण होईलच असं नाही. सगळ्यात धाडसी सल्ला काकांचा: ‘कोलाड नाक्यापासून वडखळपर्यंत रिक्षातून एक फेरी मार. काम तमाम.’ हा मुंबई-गोवा महामार्गाचा पट्टा. त्याच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. मी शांतपणे म्हटलं, ‘काका, त्या रस्त्याचेच दिवस अजून भरलेले नाहीत, तो माझं काय करणार?’

कळा कशा ओळखायच्या, हे मात्र कुणीच नीट सांगेना. आईला विचारलं, तर ‘आल्या की कळतात.’ आत्याला विचारलं, तर ‘कळतं गं.’ शेजारच्या काकूंना तीन मुलं, म्हणजे अनुभव दांडगा. त्या म्हणाल्या, ‘कळ आल्यावर कळत नाही असं होतच नाही. आणि कळा आल्या की लगेच कळव.’ या एका शब्दाने मराठी भाषेचा किती संसार चालतो! दुखतं ती कळ. दाबली की दिवा लागतो तीही कळ. भांडण लावून देतात ती कळ, म्हणून नारद कळलाव्या. आणि गप्प बसून वाट बघायची ती ‘कळ काढायची’. आख्खं गाव माझ्या अंगावर दाबायची कळ शोधत होतं, आणि माझ्या वाट्याला काढायची कळ आली होती.

बाबांनी परसात कुंपणाला कळलावीचा वेल वाढवला आहे. भाद्रपदात त्याला लाल-पिवळी, ज्वाळेसारखी उलटी वळलेली फुलं येतात. आमच्याकडे गौर तेरड्याची असते, आणि तिला ही फुलं लागतात. आजीने एका संध्याकाळी त्या वेलाकडे बोट दाखवून सांगितलं, की पूर्वी बाई अडली, तर याचा कंद उगाळून बेंबीभोवती आणि तळपायांना लेप देत. कळा लावते, म्हणून कळलावी. मला एकदम आशा वाटली. तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘कंदाला हातसुद्धा लावायचा नाही. जहर आहे ते.’ खरंच आहे. त्यात कोल्चिसिन असतं. पोटात गेलं तर माणूस जातो. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांच्या वेळी अडलेल्या बाईजवळ दोनच गोष्टी असत: उशाशी विषाची मुळी आणि बाहेर देवाला नवस. त्यातल्या किती जणी वाचल्या नाहीत, हे आजीने सांगितलं नाही. तिने फक्त वेलाकडे पाहून पदर सारखा केला. हॉस्पिटलची फाइल मी त्या रात्री उशाशी घेऊन झोपले.

आणि मग 6 तारखेची रात्र. हरतालिका. दोन वाजता पोट दगडासारखं घट्ट झालं, सुटलं, पुन्हा घट्ट झालं. नवरा पनवेलहून गणपतीची रजा काढून आला होता. त्याने मोबाइलवर कळा मोजायचं ॲप घेतलं होतं. मी ‘आली’ म्हटलं की तो बटण दाबायचा, ‘गेली’ म्हटलं की परत दाबायचा. क्रिकेटचा स्कोअर लिहिणाऱ्या माणसाचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता. चौथ्या कळेनंतर ॲप म्हणालं, निघा. आई उठली, बाबा उठले, काका उठले, रिक्षावाल्याला हाका मारताना गल्ली उठली. नवऱ्याने पेणला फोन लावला. सासूबाईंच्या देवघरात मखर बांधून तयार, मूर्ती घरात आलेली, सकाळी प्रतिष्ठापना. पलीकडून त्यांचा आवाज मला रिक्षातसुद्धा ऐकू आला: ‘अरे देवा! आज नको रे! तिला सांग, जरा कळ काढ म्हणावं!’

हॉस्पिटलात सिस्टरने पोटाला पट्टा बांधला, कागदावर रेघा काढणारं मशीन लावलं, आणि अर्ध्या तासाने बातमी दिली, ‘खोट्या कळा आहेत. घरी जाऊन झोपा.’ या खोट्या कळांना ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात; त्याच नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1872 मध्ये त्यांचं वर्णन केलं. दीडशे वर्षांत बायकांनी त्यांच्यापायी किती रिक्षा केल्या असतील, याचा हिशेब त्यांनी मांडलेला नाही.

पहाटे पाचला परत आलो. गल्लीच्या तोंडाशी दुर्वा-फुलांच्या टोपल्या लागल्या होत्या. फुलवाली मला लहानपणापासून ओळखते. तिने हसून विचारलं, ‘मुलगा की मुलगी?’ मी म्हटलं, ‘गॅस.’

गणपती बसले. मी अकरा मोदक खाल्ले, कारण कुणी अडवायला धजत नव्हतं. ऋषिपंचमीची भाजी झाली. पेणहून सासऱ्यांचा फोन आला. ते गप्पिष्ट. ‘आमच्या शेजारचा कारखाना बघ. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात, तिला घाई करून चालत नाही. हात चुकला तर देवच तिरळा. तुझं काम आखणीवर आलंय, दुसरं काही नाही.’ इतक्या दिवसांत कामाचं बोललेला हा एकच माणूस.

10 तारखेला गौर आली. माहेरवाशीणच ती. पण तिचं वेळापत्रक बघा: अनुराधा नक्षत्रावर येणार, ज्येष्ठावर जेवणार, मुळावर निघणार. आल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी परत. ‘झालं का?’ असं तिला कुणी विचारत नाही. मी तिच्या शेजारी खुर्चीवर पाय वर करून बसले होते, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका आधी तिला नमस्कार करून मग माझ्या पोटाकडे बघत होत्या. 11 तारखेला एक्केचाळीस आठवडे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘बाळ छान आहे, पाणी पुरेसं आहे. शुक्रवारी सकाळी मात्र दाखल व्हा, औषधाने कळा आणू.’ बाळाची हालचाल रोज मोजायची. ती कमी वाटली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर कुठल्याही वाराची वाट बघायची नाही, हेही त्यांनी बजावलं.

12 ला, गुरुवारी संध्याकाळी, खालू बाजा वाजवत सगळे कुंडलिका नदीवर विसर्जनाला गेले. नवराही गेला, कारण तासाभरात काय होतंय? घरात मी आणि आजी. कित्येक दिवसांनी मला कुणीही काहीही विचारत नव्हतं. दिवा लावायला उठले, आणि कमरेतून निघून पुढे येणारी, श्वास अडवणारी अशी एक वेदना आली, की लगेच कळलं. सगळ्यांनी सांगितलं होतं ते खरं होतं. कळतं.

‘आजी, कळा येताहेत!’

‘काय?’ आजीला कमी ऐकू येतं.

‘कळा! कळा!’

‘कळलं गं, कळलं. ओरडतेस काय?’ असं म्हणून आजीने वाती वळायचं काम पुढे चालू ठेवलं.

बाबांना फोन लावला, बाज्यात त्यांना ऐकू आला नाही. नवऱ्याला लावला, तो मूर्तीबरोबर कमरेइतक्या पाण्यात होता, फोन काठावर चपलेत. शेवटी रिक्षावाल्याने गाडी काढली, शेजारच्या काकू बॅग घेऊन शेजारी बसल्या, आणि निम्म्या वाटेत ओल्या कपड्यांतला नवरा धावत येऊन रिक्षात चढला. तो सगळ्या रस्ताभर ॲप शोधत होता. त्याचा फोन अजून चपलेतच होता.

मुलगी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी झाली. डोळे टक्क उघडे, आखणी नेमकी. पेणला कळवलं, तेव्हा सासूबाईंचा आवाज भरून आला. ‘गौरी-गणपती पोचवले आणि मग आली! वळण आहे हो पोरीला.’ आई म्हणाली, ‘वळण कसलं, आजीवर गेली आहे. हाक मारली की अर्ध्या तासाने उठते.’

मुलगी आता घरभर फिरते, आणि कुठलीही गोष्ट तिला सांगितल्या वेळी करायची नसते. पण वाचकहो, एक विनंती. वाटेत दिवस भरलेली बाई भेटली, तर ‘झालं का?’ असं विचारू नका. झालं नाही, हे समोर दिसतंच आहे. ‘जेवलीस का?’ विचारा, पिशवीत दोन केळी असतील तर द्या, रिक्षावाल्याचा नंबर तिच्याकडे आहे ना, तेवढं बघा. बाकी जरा कळ काढा. तीही तेच करते आहे.