शुगर कंट्रोलमध्ये आहे म्हणे!

अहो, ऐकलंत का? या जरा कुंपणाजवळ, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. पलीकडच्या लाइनीतले भाऊजी आहेत ना, ते हो, फॅक्टरीतून रिटायर झाले तरी सकाळी ड्यूटीच्या वेळेला कॉलर नीट करून गेटपर्यंत फिरून येतात ते... त्यांच्या लघवीत प्रोटीन निघालं! आणि हेच भाऊजी गणपतीत सगळ्या मंडळासमोर सांगत होते, "आपली शुगर एकदम कंट्रोलमध्ये. उपाशीपोटी 118!" आमच्या ह्यांनी तर घरी येऊन मला टोमणा मारला, शिका म्हणे काहीतरी भाऊजींकडून.

आता शिकते ना. भाऊजी काय करायचे माहितीये? रक्त द्यायचं असलं की आदल्या रात्री नुसतं ताक पिऊन झोपायचे. रिपोर्ट झाला की दुपारी ताटभर चिन्नोरचा भात, वर दूध-साखर. ग्लुकोमीटर बिचारं काय करणार? त्याला जी वेळ दाखवली, त्याच वेळेचा आकडा ते सांगणार.

तर काय सांगत होते... हां, सूनबाई. ती नागपूरला फार्मसी शिकलेली. दिवाळीला आली आणि सासऱ्यांच्या पायावरची सूज बघून गप्प बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबी हातात दिली. किडनीची तपासणी म्हणून एसीआर करायला पाठवलं, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण असतं ते. 30 च्या खाली पाहिजे. भाऊजींचं आलं 140. तिनं कागदाची घडी घातली आणि एवढंच विचारलं, "बाबा, एचबीएवनसी कधी केलं होतं?" भाऊजी पंख्याकडे बघायला लागले. केलंच नव्हतं हो कधी! तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी टेस्ट ती, तिला एका रात्रीच्या ताकानं कसं फसवणार? 8.4 निघालं. वहिनींच्या हातातला अनारसा तसाच राहिला.

आणि त्यांच्या आत्याबाई! त्या कुठे गप्प बसतात! म्हणाल्या, "साखरेचा नि किडनीचा संबंध काय? साखर काय दगड आहे, किडनी फोडायला?"

सूनबाई हसली नाही, ते मला आवडलं. म्हणाली, "आत्या, साखर एकटी नाही फोडत. किडनीच्या पेशीच आरडाओरडा करतात, आणि धावून आलेले लोक नासधूस करतात."

सगळे एकदम गप्प! मी तर पोळपाट बाजूला ठेवून तिथंच बसले.

ती सांगत होती, आपल्या स्नायूंच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं. किडनीत मात्र अशा पेशी आहेत की त्यांना इन्सुलिनची परवानगी लागतच नाही. रक्तात साखर वाढली की ती सरळ आत. मग आत काय होतं, तर ऑक्सिजनचे ते नासके कण तयार होतात, प्रोटीनला साखर चिकटत जाते, पेशी त्रासते. तिच्यात एक एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रोटीन असतं, 1986 साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलेलं. एरवी ते बांधून ठेवलेलं असतं. पेशी त्रासली की सुटतं, आणि थेट केंद्रकात जाऊन जीन्स चालू करतं. मग पेशी बाहेर निरोप धाडते. त्यातला एक एमसीपी-वन. त्याचं कामच मुळी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावणं. आता बघा, आपण कुंपणावर एक शब्द बोललो की संध्याकाळपर्यंत अख्खी लाइन त्या घरासमोर जमते ना, डिट्टो तसंच! जमलेल्या पेशी आणखी निरोप सोडतात, टीएनएफ काय, आयएल-सिक्स काय. शेवटी टीजीएफ-बीटा येतो आणि किडनीत व्रण धरायला लागतो. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या, त्या अशा एकेक करून निकामी होतात. आणि दुखत नाही हो काहीच! म्हणून तर भाऊजी आरामात होते.

"हे सगळं पुस्तकातलं," आत्याबाई म्हणाल्या. मग सूनबाईनं मोबाइल काढला. म्हणे 2008 साली जर्मनीत म्युनिकला मधुमेही उंदरांवर प्रयोग झाला. साखरेचं औषध दिलंच नाही, फक्त तो एमसीपी-वन अडवणारं औषध दिलं. किडनीतली गर्दी कमी झाली, गाळण्यांचे व्रण टळले, गाळायचं कामही सुधारलं. आणि त्या लेखकांत नाव कोणाचं? ओंकार कुलकर्णी! म्युनिकच्या लॅबमध्ये आपला कुलकर्णी! आत्याबाईंचा चेहरा जरा उजळला. ते औषध दुकानात काही मिळत नाही म्हटल्यावर परत पडला.

अहो, पण खरं वाईट पुढं आहे. भाऊजी म्हणाले, "ठीक आहे, उद्यापासून भात बंद, झालं." सूनबाई म्हणाली, पेशी इतक्या लवकर विसरत नाहीत. रक्तवाहिनीच्या पेशींना फक्त 16 तास जास्त साखरेत ठेवलं होतं, मग साधी साखर दिली, तरी 6 दिवस त्यांचा तो एनएफ-कप्पा-बीचा जीन चढलेलाच! सोळा तासांचा राग सहा दिवस... आपल्याकडे पण आहेत अशी माणसं, नाव नको घ्यायला. आणि माणसांतही तेच दिसलं. अमेरिका-कॅनडात 1983 ते 1993 टाइप वनच्या 1441 लोकांवर दोन गट करून अभ्यास झाला, एकानं साखर काटेकोर सांभाळायची, दुसऱ्यानं नेहमीसारखी. पुढं दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी ज्यांनी आधी नीट सांभाळली होती त्यांच्या किडन्या कितीतरी वर्षं जास्त चांगल्या राहिल्या. म्हणजे लवकर सांभाळलेलं पुढं पुरतं.

तर काय सांगत होते... गोळी! डॉक्टरांनी भाऊजींना ग्लिफ्लोझिनची गोळी दिली. ती घेतली की लघवीतून साखर जाते. वहिनी घाबरल्या, "लघवीतली साखर घालवायला औषध घ्यायचं, की आणायला?" पण त्याचंही कारण आहे. किडनी रोज दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम साखर गाळते आणि तिच्या नळ्यांतल्या पेशी ती परत ओढून घेतात. शुगर वाढली की ओढाओढ वाढते, पेशी आणखी त्रासतात. गोळी ती ओढाओढच कमी करते. 2019 साली कॅनाग्लिफ्लोझिनचा मोठा अभ्यास आला, 4401 रुग्ण, किडनी बिघडणं किंवा किडनी-हृदयाच्या आजारानं मृत्यू, यांचा मिळून धोका 30 टक्क्यांनी कमी. आणि हे बघा, मार्च 2025 मध्ये आपल्याकडे एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं तशा स्वस्त गोळ्या किती कंपन्यांच्या आल्या! पण मनानं घ्यायची नाही हं, लघवीच्या जागी इन्फेक्शन होऊ शकतं, उपासाच्या दिवशी तर विचारूनच.

आता मुद्द्याचं. सूनबाईनं जाता जाता घरातल्या सगळ्यांची लघवी तपासली. आत्याबाई म्हणाल्या, "मला काय झालंय?" त्यांचं आलं 310! भाऊजींच्या दुप्पट! भाऊजींनी पेपर उघडून तोंडासमोर धरला, पण खांदे हलत होते हो. आत्याबाई म्हणतात, मला त्या दिवशी कणकण होती म्हणून आलं. तेही खरंच, तापात आणि लघवीच्या इन्फेक्शनमध्ये आकडा फुगतो. म्हणूनच एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तीन-सहा महिन्यांत पुन्हा दोनदा बघतात. आता ताप उतरलाय, सकाळची पहिली लघवी दिलीय, रिपोर्ट गुरुवारी येणार आहे. शुक्रवारी या इकडे. आणि येताना तुमच्या ह्यांचा एसीआर शेवटचा कधी केला ते बघून या, नुसतं "शुगर कंट्रोलमध्ये आहे" असं मला सांगू नका.